कोऱ्या फॉर्मवरची सही आणि जुन्या गाड्यांचा लिलाव



लिलाव कसा चालावा हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पंचकल्याणकात सौधर्म इंद्राचा सवाल निघतो तेव्हा अख्खा मांडव कान टवकारून बसलेला असतो. कुणी किती बोललं ते माईकवरून सगळ्यांना ऐकू जातं. बोलणाऱ्याचं नाव, गाव, घराणं पुकारलं जातं. एक वार, दोन वार, तीन वार होईपर्यंत कुणालाही पुढे बोलायची मुभा असते, आणि तिसऱ्या वेळेनंतर शेजारी बसलेले चिटणीस वहीत आकडा लिहितात. ती वही दुसऱ्या दिवशी बस्तीत कुणीही मागून बघू शकतं. (सवाल बोलून वर्षभर पैसे न देणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यावर वेगळा लेख लिहिणार आहे, ट्रस्टी मंडळी रागावली तरी.) सवाल हे दान आहे, तिथे वस्तू विकली जात नाही, हा फरक मला मान्य आहे. पण आकडा उघड्यावर वाढला पाहिजे आणि वाढवणारा दिसला पाहिजे, एवढी साधी गोष्ट आपण लहानपणापासून बघत आलो आहोत.

म्हणून हल्ली हायवेवरच्या रिसॉर्टमध्ये आणि हॉटेलच्या लॉनवर जुन्या गाड्यांचे जे लिलाव भरतात, त्याबद्दल मला लिहायचं आहे. सगळेच वाईट असतात असं म्हणत नाही. राखीव किंमत लेखी घेणारे, बोली लावणाऱ्याला क्रमांक देणारे, गाडीची कागदपत्रं आधी मांडून ठेवणारे लोकही आहेत. पण त्यांचं बघून ज्यांनी झटपट दुकान थाटलंय त्यांच्याकडे आपल्या घरातली गाडी पाठवू नये आणि त्यांच्याकडची गाडी आपल्या दारात आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘हा पुरुषांचा विषय, तुम्ही कशाला पडता’ हे मी दोन महिने ऐकतेय. गाडी पुरुषांची असेल. तिच्या विक्रीचे कागद मात्र आपल्या सहीने हलतात, ते कसे ते पुढे सांगते.

आधी एक कबूल करायला हवं की जुन्या गाडीचं प्रेम हा काही वेडगळपणा नव्हे. दसऱ्याला कोल्हापुरात दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते तेव्हा पोराबाळांना खांद्यावर घेऊन आपणही उभ्या असतोच. आणि फियाटवर तर आपला थोडा हक्कच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडली. तिचं पहिलं रूप म्हणजे गोलगोल नाकाची, पुढची दारं उलटी उघडणारी ‘डुक्कर फियाट’. आमच्या सासूबाईंना ते नाव कधीच पसंत पडलं नाही, त्या तिला ‘ती उलट्या दाराची’ म्हणत. नंतर डिलाइट आली, प्रेसिडेंट आली आणि शेवटी पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचे दिवस संपले तेव्हा किती जणींनी स्टेटसला फोटो ठेवले होते, आठवतंय ना? आपल्यापैकी कित्येकींची वरात, पहिलं बाळंतपण, कुंभोजगिरीची यात्रा या गाडीतून झालेली आहे. नेमक्या याच मायेवर हे नवे दुकानदार धंदा करतात.

आता आक्कांची गोष्ट. आक्का म्हणजे माझ्या मावससासूबाई, वय ७४. आण्णांची १९६७ ची फियाट त्यांच्या वाड्याच्या सोप्यात उभी असे. आण्णांनी ती मिरजेच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, विमा, सगळं वेळच्या वेळी. रविवारी ते ती सुरू करून नुसती पाच मिनिटं चालू ठेवत, आणि आक्का आतून ओरडत, ‘अहो, वाळवणावर धूर येतोय!’ आण्णा गेल्यावर गाडी रीतसर आक्कांच्या नावावर झाली. घरात चालवणारं कुणी नाही, मुलगा बंगळुरात. तेवढ्यात लिलाववाल्यांचा माणूस आला. गोड बोलणारा, आक्कांच्या पाया पडणारा. चार लाखांच्या खाली देणार नाही असं आक्कांनी सांगितलं. तो म्हणाला, ‘आजी, तुमची राखीव किंमत चार लाख, लिहून घेतली.’ लिहिली ती त्याच्या मोबाइलमध्ये. आक्कांच्या हातात राहिली गाडी नेल्याची एक पावती, आणि त्याच्या पिशवीत गेले फॉर्म २९ आणि ३०. दोन्ही कोरे, खाली आक्कांची सही. ‘खरेदीदाराचं नाव नंतर भरतो, नाहीतर तुम्हाला पुन्हा त्रास.’

लिलावाच्या दिवशी मी आक्कांबरोबर गेले होते. गुळगुळीत कागदावर छापलेल्या पुस्तिकेत आमच्या गाडीखाली लिहिलं होतं, ‘एकाच मालकाची’. आक्का म्हणाल्या, अहो, डॉक्टरांची होती आधी, मी सांगितलं होतं तुम्हाला. उत्तर आलं, ‘आता छापून झालंय आजी.’ अकराचा लिलाव एकला सुरू झाला. गाड्यांचा क्रम पुस्तिकेप्रमाणे नाहीच, त्यामुळे ज्याला जी गाडी बघायची तो जेवायला गेलेला. माईक मधूनच बंद. आमच्या आधी आयोजकांच्या ओळखीतली एक लांबलचक विदेशी गाडी निघाली. पुकारणारा मागच्या रांगांकडे बोट दाखवून आकडा चढवत होता, आणि मी मागे वळून बघितलं तर मागच्या रांगेत दोन ड्रायव्हर डबा खात बसले होते. एकाचाही हात वर नव्हता. तरी आकडा चढतोय! पुढे बसलेला एक हौशी तरुण मात्र खराखुरा हात वर करत होता. तो बिचारा कुणाशी चढाओढ करत होता हे त्याला अजूनही माहीत नसेल.

मग आमची फियाट. तिला मात्र वेळ नव्हता. दीड मिनिटात दोन लाख पस्तीस हजारांवर हातोडा पडला, आयोजकांच्या टेबलाशेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांच्या नावावर. मी उठून राखीव किमतीचं विचारलं. ‘मॅडम, तो अंदाज होता.’ दहा टक्के कमिशन, त्यावर जीएसटी, शिवाय वाहतूक, पॉलिश आणि फोटोचे ३१ हजार, हे सगळं वजा जाऊन आक्कांच्या हातात १,७६,२७० रुपये पडले. तेही चार महिन्यांनी, दोन चेकने. तीच गाडी आठवड्याच्या आत साडेपाच लाखांना जाहिरातीत दिसली. फोटो आक्कांच्या सोप्यातलाच होता, मागे तुळशीचं वृंदावन.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी लेख लिहिला नसता, नुकसान म्हणून सोडून दिलं असतं. पण वर्षभराने आक्कांच्या मोबाइलवर ई-चलान येऊ लागले. ज्या शहरात त्या कधी गेल्या नाहीत तिथले. गाडी कागदोपत्री अजून त्यांचीच आहे. त्या कोऱ्या फॉर्मवर कुणी नाव भरलंच नाही, किंवा भरायचं नाहीच असं ठरलेलं होतं. मधला माणूस स्वतःच्या नावावर न करता पुढे विकतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि सगळ्यांच्या पिशवीत तोच फॉर्म फिरतो.

यात चलानाचे पाचशे रुपये ही सगळ्यात छोटी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात अगदी अशाच प्रकरणात सांगितलं आहे की गाडी हातोहात कितीही जणांना विकली गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याची. म्हणजे त्या अनोळखी शहरात आक्कांच्या फियाटखाली कुणी आलं आणि विमा संपलेला असला, तर दावा येणार वाड्यात माळ घेऊन बसलेल्या आक्कांवर. हे त्यांना सांगितल्यापासून त्यांना रात्रीची झोप नाही. पैशाचं दुःख त्यांना फारसं नव्हतंच. ‘माझ्या नावाच्या गाडीने कुणाचा जीव गेला तर?’ हे त्या सारखं विचारतात. यावर ‘नशीब’ म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा आहे.

कारण यात नशिबाचं काहीच नाही. कायदा आहे आणि तो मोडला जातोय. वस्तुविक्री कायदा १९३० चा, त्यातलं कलम ६४ फक्त लिलावावर आहे. अर्ध्या पानाचं कलम. त्यात म्हटलंय की हातोडा पडेपर्यंत बोली लावणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते. विकणाऱ्याला स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावायची असेल तर तसा हक्क राखून ठेवल्याचं आधी जाहीर करावं लागतं. तसं न सांगता विकणाऱ्याने माणूस बसवून बोली लावली, किंवा ठाऊक असून पुकारणाऱ्याने ती घेतली, तर ती विक्री फसवणूक समजायचा हक्क खरेदीदाराला आहे. भाव चढवायला विकणाऱ्याने खोट्या बोली लावल्या तर खरेदीदार सौदा रद्द करू शकतो. राखीव किंमतही याच कलमात आहे, ती आधी जाहीर करता येते. डबा खाणाऱ्या ड्रायव्हरांकडे बोट दाखवून लाखांनी आकडा वाढवणं याला बाहेरदेशी गमतीने झुंबराची बोली म्हणतात, म्हणजे माणसाची नव्हे तर छतावरच्या झुंबराची. आपल्याकडे त्याला हुशारी म्हणतात. मी त्याला चोरी म्हणते. खोटं माप आणि खोटा माल आपल्याकडे अचौर्याच्या अतिचारातच मोजतात, आणि खोटी बोली ही खोट्या मापाचीच बहीण आहे.

‘मोठ्या लोकांच्या लिलावातही गोंधळ होतातच की’ असं आमचे भाऊजी म्हणाले. होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे आरएम सदबीज या नामांकित कंपनीच्या लिलावात १९३९ साली बनलेली पोर्शे टाइप ६४ निघाली होती. पुकारणारा म्हणत होता थर्टीन मिलियन, पडद्यावर झळकलं तीस. मग चाळीस, पन्नास, साठ, सत्तर! सभागृह उभं राहून ओरडत होतं. आणि मग कळलं की सत्तर म्हणजे सतरा. (मराठीत तेरा आणि तीस यांत असा घोळ होणार नाही, सतरा-सत्तरचं मात्र सांगता येत नाही.) लोकांनी हुर्यो उडवली, काही उठून गेले, आणि गाडी विकली गेलीच नाही. कंपनीने हा गैरसमज होता, मुद्दाम काही केलं नाही असं सांगितलं. पण भाऊजींनी त्यातला अर्धाच भाग सांगितला. तिथे आकडा पडद्यावर होता, म्हणून चूक सगळ्या जगाला दिसली आणि पुकारणाऱ्याला सगळ्यांसमोर ती सुधारावी लागली. राखीव किंमत गाठली गेली नाही म्हणून गाडी मालकाकडे परत गेली. आक्कांच्या लिलावात पडदाही नव्हता, राखीव किंमतही कागदावर नव्हती, आणि गाडी मात्र गेली. मोठ्यांच्या गोंधळाचा दाखला देऊन छोट्यांच्या लबाडीवर पांघरूण घालायचं असेल तर दाखला तरी पूर्ण द्यावा.

घेणाऱ्या घरांनाही दोन शब्द सांगते, कारण आपल्या मुलांना, भाच्यांना हा नाद लागलाय. हातोड्याचा आकडा म्हणजे किंमत नव्हे. समजा गाडी १० लाखांना सुटली. घेणाऱ्याकडून ‘बायर्स प्रीमियम’ म्हणून समजा १२ टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार. त्या एक लाख वीस हजारांवर १८ टक्के जीएसटी, २१,६००. झाले ११,४१,६०० रुपये, आणि अजून गाडी लॉनवरून हललेली नाही. विकणाऱ्याकडूनही कमिशन घेतलेलं असतंच. हे दर कुठे लिहिलेले असतात ते विचारा. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, चष्मा लावूनही न दिसणाऱ्या अक्षरात.

गाडी बघायला जाताना फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून घेऊन जा. हसू नका. पत्रा गंजून खाल्लेला असला की त्यात लांबी भरून वर चकचकीत रंग मारतात. पत्र्याला चुंबक चिकटतं, लांबीला चिकटत नाही. दाराचा खालचा भाग, चाकावरची कमान आणि डिकीचा तळ, एवढ्या तीन जागा तरी बघायच्या. मग आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवून वाचायचा, जसा आपण सोनाराची पावती वाचतो. जुन्या फियाट-अँबेसेडरमध्ये मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं पुष्कळदा आढळतं, आणि त्याची नोंद आरसीवर नसली तर आरटीओत तुम्ही उभे राहणार, लिलाववाले नाही. जिथे गाडी जवळून बघू देत नाहीत, सुरू करून दाखवत नाहीत, ‘सर, फोटो एचडी आहेत’ म्हणतात, तिथून चहा पिऊन परत यावं.

आणि ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून घेणार असाल तर २०२१ चे नियम वाचा. नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. त्या गाडीने रोज भाजी आणायला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांनाच ती रस्त्यावर काढायची. विकली तर घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने ९० दिवसांत परिवहन खात्याला कळवायचं. हे न सांगता ‘नातवाच्या लग्नाला रोज फिरवा’ म्हणून गाडी विकणारा एक महाभाग मी त्याच लॉनवर ऐकला.

आता आपल्यातल्याच काही जणींचं म्हणणं. एका श्राविकेने मला प्रवचनानंतर गाठून सांगितलं की जुनी गाडी म्हणजे परिग्रहच की, गेली तर जाऊ द्यावी, किमतीचा एवढा मोह कशाला. मला हे अजिबात पटलं नाही. आक्कांनी ती गाडी एखाद्या गरजूला फुकट दिली असती तर मी त्यांच्या पाया पडले असते, ते दान झालं असतं. पण दुसऱ्याने लबाडीने काढून घेतलेल्या वस्तूला मागाहून त्यागाचं नाव देणं म्हणजे लबाडाला पुण्यवान करणं. शिवाय आपण गप्प बसलो की तो पुढच्या विधवेच्या दारात जातो. त्याच्या यादीत ‘आजी एकटी, मुलगा परगावी’ अशी घरंच असतात.

दुसरा आक्षेप ‘जसं आहे तसं’ या तीन शब्दांचा. पावतीवर लिहिलेलं असतं, मग तक्रार कसली? हे शब्द गंजाला लागू होतात, फाटक्या सीटला लागू होतात. ‘एकाच मालकाची’ असं जाणूनबुजून खोटं छापायला ते परवाना देत नाहीत. फसवणुकीने मिळवलेली संमती रद्द करता येते हे १८७२ च्या करार कायद्यापासून चालत आलंय.

तेव्हा कागद. घरधनी गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. भाऊ-बहिणींची संमती तेव्हाच लेखी घ्या. चार वर्षांनी गाडीला भाव आला की नाती कशी बदलतात ते आपण शेतीच्या वाटण्यांत पाहिलंय. सरकारी लिलावातून घेतलेल्या गाडीला फॉर्म ३२ लागतो, पण हॉटेलच्या लॉनवरचा लिलाव कितीही झगमगीत असला तरी तिथली विक्री २९ आणि ३० वरच होते. त्यांवर खरेदीदाराचं पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख भरलेली दिसल्याशिवाय पेनाचं टोपण काढू नका. भरलेल्या फॉर्मचा आणि खरेदीदाराच्या आधार कार्डाचा फोटो काढून ठेवा. विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते एजंटवर न सोडता स्वतः जा आणि पोच घ्या. राखीव किंमत, कमिशन, पैसे किती दिवसांत आणि कोणत्या खात्यात, गाडी न विकली गेली तर परत आणायचा खर्च कुणाचा, हे सगळं त्यांच्या शिक्क्यासह आधी लेखी मागा. जो ‘आजी, विश्वास नाही का?’ म्हणतो त्याला ‘नाही’ म्हणायला शिका. आपल्याला ते जड जातं, मला माहीत आहे. दारी आलेल्याला आपण आधी पाणी विचारतो. पाणी जरूर द्या.

आक्कांचा अर्ज आता आरटीओत गेला आहे, पावती, चेकच्या नोंदी आणि जाहिरातीच्या छायाचित्रासकट. वकिलांमार्फत लिलाववाल्यांना नोटीसही गेली आहे. खरेदीदाराचं नाव द्या एवढीच मागणी. पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. पण पुढच्या लिलावाची पुस्तिका मात्र आक्कांच्या नावाने पोस्टाने आली. आक्कांनी ती उलगडून डाळीच्या डब्याखाली अंथरली आहे.

येत्या अष्टमीला दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत मी २९, ३०, ३१ हे तिन्ही फॉर्म छापून आणणार आहे आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं ते बघणार आहोत. ज्यांच्या सोप्यात, गोठ्यात, बंद गॅरेजमध्ये एखादी गाडी उभी आहे त्यांनी आरसी बुकाची झेरॉक्स आणा. सुनांनाही घेऊन या. चुंबक मी आणते.